सायकलची आतली अंघोळ

बाबांच्या सायकलची सीट सैल झाली होती. ती काढून नीट बसवावी म्हणून मी सायकल उलटी केली, आणि सीटच्या नळीतून अंगणात पाणी सांडलं. चहासारखं तांबूस पाणी, त्यात गंजाचा चुरा. पावसाळा संपत आला होता, पण हे पाणी नुसतं पावसाचं नव्हतं, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

दसऱ्याला आमच्या घरी शस्त्र म्हणून सायकलच पुजली जाते. बाबा इथे उज्जैनला भैरवगढच्या एका शाळेत शिपाई आहेत, रोज तिच्यावरूनच जातात. दसऱ्याच्या सकाळी ते तिला रामघाटाच्या एका कोपऱ्यात नेतात, सीट उपसून काढतात आणि क्षिप्रेच्या पाण्याचा तांब्या सरळ नळीत ओततात. वरून धुणं कोणीही करतं, आतून न्हाऊ घातली तर लोखंड वर्षभर साथ देतं, असं त्यांचं म्हणणं. मग सीट घट्ट बसवायची, हळदकुंकू, झेंडूची माळ. नळीतलं पाणी कुठे जातं, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

ते पाणी कुठेच जात नव्हतं. पायडलचा आस ज्या आडव्या नळ्यातून जातो, तिथल्या सांध्यात ते साचून राहत होतं.

त्या दिवसापासून माझं कॉलेजात लक्ष लागेना. बाबांच्या शाळेतल्याच एका काकांची सायकल मागे एकदा चालवता चालवता त्याच सांध्यात मोडली होती आणि त्यांचे पुढचे दात गेले होते. वरून रंग शाबूत होता, म्हणे. बाबांना घरी यायला जरा उशीर झाला की मी दारात जाऊन उभी राहायचे. आई म्हणायची, "काय गं, बसत का नाहीस एका जागी?"

बाबांना सांगायचं कसं, हे मला कळत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. काहीही सांगायला गेले की ते शिकवल्यासारखं वाटतं, आणि मला ते नको असतं. शेवटी जेवताना बोलून टाकलं.

"बाबा, आत पाणी घातल्यानेच जंग लागतोय."

"क्षिप्रेच्या पाण्याने?"

"कुठल्याही पाण्याने."

"इतकी वर्षं न्हाऊ घातली, मोडली का?"

"मोडल्यावर विचारून काय करायचं?" आई मध्येच म्हणाली. "दात आधीच दोन हलतायत तुमचे."

बाबा हसले नाहीत. ताटात हात धुवून उठले. पण सकाळी सायकल काढताना त्यांनी ती हलवून कानाजवळ धरलेली मी पाहिली.

मी वाचलं होतं की अळशीचं तेल नळीत फिरवलं तर ते वाळून आतून पातळ थर धरतं आणि ओल लोखंडापर्यंत पोचत नाही. शनिवारी मेकॅनिककडून पायडलचा आस काढून आणला, नळ्या उन्हात तापवल्या, तारेला चिंधी बांधून आतला गंज निघेल तेवढा खरवडला. तेल आणायला निघाले तर बाबा दारात आडवे.

"आज शनिवार. तेल घरात आणायचं नाही."

"बाबा, नळ्या उघड्या आहेत. रात्री पुन्हा दमट होतील."

"होऊ देत. शनिमहाराज उज्जैनचेच आहेत, त्यांना कळतं सगळं."

रात्रभर ढग होते. मी उठून उठून सांगाड्यावर चादर नीट करत राहिले. रविवारी मी जागी व्हायच्या आत बाबा माधव नगरला जाऊन तेल घेऊन आले होते. मग आम्ही दोघांनी सांगाडा पाळण्यासारखा इकडून तिकडे कलवत तेल फिरवलं. जास्तीचं निथळलं. मात्र पाणी पुढेही निघून जावं म्हणून सांध्याच्या तळाशी बारीक भोक पाडायचं म्हटल्यावर बाबा भडकले.

"चांगल्या सायकलला भोक? हेच शिकवतात का कॉलेजात?"

मी खाली सांडलेलं तेल पुसू लागले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पाड. पण बारीक."

तेल वाळेपर्यंत बाबा ई-रिक्शाने गेले, आणि रोज येऊन रिक्शेवाल्यांना नावं ठेवत राहिले. मी टॉर्च लावून नळीत बघायचे. वरचा भाग चकचकीत दिसे. सांध्याच्या आत मात्र उजेड वळत नव्हता. तिथलं लोखंड किती उरलंय, मला दिसत नव्हतं.

दसऱ्याला घाटावर बाबांनी सवयीने तांब्या भरला. सीटला हात लावला आणि थांबले. तिथले नेहमीचे पंडितजी ओरडले, "क्यों दादा, आज अंदर से नहीं नहलाओगे?"

"अंदर का इलाज चल रहा है, पंडितजी."

त्यांनी पाणी पुन्हा नदीत सोडलं, ओल्या फडक्याने सायकल पुसली, लगेच कोरडीही केली. माळ घालून झाल्यावर माझ्याकडे वळले.

"आता उद्यापासून हिच्यावरून जाऊ ना? पक्कं सांग."

मला "हो" म्हणायचं होतं. "पक्कं नाही सांगता येत, बाबा. पुढे गंजणार नाही. पण आधी किती खाल्लंय, ते दिसत नाही."

"हे आधी नाही बोललीस."

"आधी बोलले असते तर 'मग तेलाचा उपयोग काय' म्हणून तुम्ही पाणी घातलं असतं."

ते एकदम हसले. "मेकॅनिकला दाखवू. पण घरापर्यंत तरी बघू दे."

चढ त्यांनी सायकल हातात धरूनच चढवला. सपाटीला आल्यावर बसले, अगदी हळू, जणू कोणाच्या खांद्यावर बसतायत. मी मागून चालत होते, प्रत्येक कुरकुरीला कान लावून. कुठली साखळीची, कुठली सीटची, हे ओळखायचा प्रयत्न करत. पुढे उतार लागला. बाबांनी पायडल मारायचं थांबवलं, सायकल सुटली, आणि मी पळायला लागले.