खाली कोणीतरी आहे

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि काटोलकडचं शेत सोडून ते शहरात, सक्करदऱ्याला माझ्याकडे राहायला आले. आले कसले, मीच जबरदस्तीने आणलं. वॉकर धरून खोलीतून गॅलरीपर्यंत जायचं, एवढंच आता त्यांचं जग. शेतातल्या ढेकळांतून चालणं यापुढे जमणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

सुरुवातीला ते रोज संत्र्याच्या बगीच्याबद्दल विचारायचे. पाणी दिलं का, पानांवर काळी कोळशी तर नाही ना पडली. मग विचारणं बंद झालं, आणि तेव्हा मी खरी घाबरले. हा माणूस जेवताना घासाघासाला झाडांबद्दल बोलायचा. आमच्या भागात त्यांचा हातगुण प्रसिद्ध होता. नवा बगीचा लावायचा असला की लोक पहिलं कलम त्यांच्या हातून लावून घ्यायचे. तो हात आता दिवसभर टीव्हीच्या रिमोटवर पडून राहायचा.

म्हणून मी ड्रोन घेतला. मी शाळेत भूगोल शिकवते, नकाशांचं मला वेड आहे, तेव्हा थोडी हौस माझीही होती, नाही कशाला म्हणू? सीताबर्डीच्या दुकानदाराने वॉरंटीचं कार्ड हातात देत बजावलं, "मॅडम, उडून राह्यला तवर मी. पडला तर थेट कंपनीले फोन करा. मले नका सांगू."

पहिल्या रविवारी बाबांना गाडीने शेतात नेलं. शेडसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून टॅब्लेट मांडीवर दिला आणि ड्रोन वर चढवला. स्क्रीनवर हिरव्या गोल माथ्यांच्या ओळीच्या ओळी उलगडत गेल्या.

"कोनाचं वावर होय हे?" बाबांनी विचारलं.

"आपलंच, बाबा."

ते स्क्रीनवर वाकले. मग म्हणाले, "उभा जन्म याईच्या बुडाशी गेला वं माहा. डोकं कधी पाह्यलंच नाही." त्यांच्या आवाजात मी लहानपणी देवळात ऐकलेला हलकेपणा होता. जगाचे नकाशे फळ्यावर काढणारी मी, आणि आपलंच शेत पहिल्यांदा बघत होते.

त्यानंतर दर रविवार ठरलेला. बाबा शेतात जायचे कपडे शनिवारीच बाजूला काढून ठेवायचे. कुठला कोपरा पिवळा पडतोय, कुठे पाणी पोचत नाही, ते वरून बघून सांगायचे आणि गड्याला फोनवर झापायचे. झापायला लागले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग दसरा आला. अवजारांची पूजा आमच्याकडे बाबाच करतात. पाटावर विळा, खुरपी, कलम बांधायचा चाकू, आणि यंदा त्या सगळ्यांच्या मधोमध ड्रोन. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. बाबांनी कुंकू पाण्यात कालवून सगळ्यांना बोटं लावली, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. कुणालाही वावगं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

पुढच्या रविवारी ड्रोन नेहमीसारखा वर गेला, पण उतरायचं नावच घेईना. शेडसमोरच्या नेहमीच्या जागी मी खाली आणायला गेले की तो खुर्चीत बसलेल्या बाबांच्या डोक्यावर यायचा आणि थांबायचा. आणखी दाबलं तर उलट वर सरकायचा.

"खाली काहून नाही येऊन राह्यला तो?" बाबा मान वर करून विचारत होते.

रिमोट किंचाळायला लागला, बॅटरी संपत आली होती. बाबांच्या अंगावर नको म्हणून मी घाईने तो बाजूला नेला. तो झाडांवर गेला आणि फांद्या मोडत खाली पडला. एक पाय तुटला, कॅमेरा लोंबत होता.

घरी आल्यावर बाबा वॉकर धरून थेट खोलीत गेले. रात्रीचं जेवण नको म्हणाले. मी चिडून विचारलं तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "माह्या हातची पूजा लागली त्याले. हातगुण गेला वं माहा. आता मले नको नेऊ तिकडं."

मी समजावलं, रागावले, हसण्यावारी नेलं. काही उपयोग झाला नाही. रविवार पुन्हा टीव्हीसमोर जायला लागले. ड्रोन दुरुस्त होणं न होणं एकीकडे, तो का पडला हे कळायला हवं होतं. दोष यंत्राचा निघाला असता तर माझे बाबा मला परत मिळाले असते.

कंपनीच्या ग्राहक सेवेबद्दल मी काय सांगू! आधी एक दबाओ, मग दो दबाओ, मग तेच गाणं, मग फोन कट. माणूस लागला तर तो सुरुवातीपासून सगळं विचारणार. वर्गातल्या पोरांवर ओरडते तशी मी एकावर ओरडलेसुद्धा. शेवटी त्यांनी ड्रोन पाठवायला सांगितलं. आम्ही संत्री भरतो तसा तो भाताच्या वाळल्या तणसात नीट बसवून मी खोकं रवाना केलं.

काही आठवड्यांनी व्हिडिओ कॉल आला. वर्कशॉपमधली एक इंजिनिअर, दक्षिणेकडची, हिंदी आपली जोडून जोडून बोलणारी. मी फोन घेऊन मुद्दाम बाबांशेजारी बसले, यंत्राचा दोष त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावा म्हणून. तिने ड्रोन उलटा केला. त्याच्या पोटाशी दोन बारीक भिंगं होती आणि दोन्हींवर वाळलेला लाल ठिपका.

"सर, आपने पूजा किया?" तिने विचारलं.

म्हणजे दोष पुन्हा बाबांवरच येणार होता. बाबांनी मान खाली घातली. "त्याचे डोळे हायेत मनून लावलं," ते पुटपुटले. "डोळ्याले मान द्या लागते ना."

मी फोन बंदच करणार होते. पण तिने ड्रोन हातात उंच धरला आणि शेजारच्या स्क्रीनकडे बोट केलं. यंत्राला खाली जे दिसतं ते किती दूर आहे, हे तिथे आकड्यात उमटत होतं. तो टेबलापासून हातभर वर होता, आणि त्याला वाटत होतं की पोटाला चिकटून काहीतरी आहे. तिने कापसाने एक ठिपका पुसला, मग दुसरा. आकडा झपकन बदलला. आम्ही दोघं बघत होतो आणि आमच्या देखत त्याला दिसायला लागलं.

"उसको लगा, नीचे कोई है," ती म्हणाली. "इसलिए नहीं उतरा, सर. किसी के ऊपर नहीं उतरता वो."

बाबांनी मान वर केली. "मीच होतो ना खाली," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "म्हंजे बॅटरी संपेपर्यंत तो मले सांभाळून राह्यला होता?"

यंत्राला बाबा वगैरे काही कळत नव्हतं, हे मला माहीत आहे. कुंकवाच्या ठिपक्यालाच ते माणूस समजलं होतं. तरीही कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं, की संशय आला तर वर थांबायचं, कुणाच्या अंगावर यायचं नाही. ते ठरवणाऱ्याला नमस्कार करावासा वाटला. बाबांनी तर खरोखर हात जोडले. ती मुलगी हसली आणि तिने फोन फिरवून आपलं टेबल दाखवलं. स्क्रू-ड्रायव्हरच्या स्टँडवर, सोल्डरिंगच्या यंत्रावर, सगळीकडे कुंकवाचे ठिपके. आमच्याकडेही दसऱ्याच्याच दिवसांत अवजारांची पूजा असते, फक्त डोळे सोडून लावा, असं तिने सांगितलं.

वॉरंटीचा निर्णय तिच्या हातात नव्हता. तिने वर शिफारस केली आणि बऱ्याच दिवसांनी दुरुस्ती मंजूर झाल्याचा मेल आला. ड्रोन परत आला तेव्हा थंडी सरत आली होती आणि संत्र्याला आंबिया बहाराची फुलं आली होती.

शेतात पोचलो तर वासाने जीव वेडावला. बाबांना खुर्चीत बसवलं, स्क्रीन लावलेला रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "आज तुम्ही उडवा."

"मले नाही जमत."

"हातगुण तुमचा आहे, माझा नाही. धरा."

दोन्ही अंगठे त्यांनी रिमोटच्या दांड्यांवर टेकवले. ड्रोन समोरून उठला आणि त्यांच्या डोक्यावर थांबला. मी कॅमेरा खाली वळवून दिला. स्क्रीनवर खुर्चीतला म्हातारा दिसत होता, शेजारी वॉकर, बाजूला मी.

"किती बारीक झालो वं मी," ते म्हणाले आणि दांडी पुढे ढकलत राहिले. खुर्ची लहान झाली. शेड लहान झाली. चारी बाजूंनी पांढऱ्या फुलांचे माथे आत आले. एका क्षणी खुर्ची कुठली आणि झाड कुठलं, ते मलाही ओळखू येईना.

मी रिमोट घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो छातीशी धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "मी दिसूनच नाही राह्यलो आता. बगीचाच दिसून राह्यला."