विमलचा डावा डोळा

विमल काल गेली. तिचा डावा डोळा आमच्या घराने घेतला होता.

सकाळपासून नातेवाइकांच्या ग्रुपवर येतंय, की माझ्या आईबाबांनी एका पोरक्या मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं.
खाली फुलं, दिवे, जोडलेले हात.

हे खोटं आहे. म्हणून ही पोस्ट.

विमल दहा वर्षांची असताना गोंदियाकडून छोट्या लाइनच्या गाडीने एकटी जबलपूरला आली. फ्रॉकला आतून पिनेने टाचलेली चिठ्ठी. तिच्यावर बाबांचं नाव आणि रांझीतल्या क्वार्टरचा नंबर.

आई वारलेली. वडिलांनी दुसरं घर केलेलं. माझ्या आईची ती लांबची भाची.
"शिकायला आली आहे," असं सांगायचं ठरलं होतं.

शाळेत नाव घातलं नाही. भांडी, पाणी, कोळसा, आम्हा तीन भावंडांच्या आंघोळी. हेच.

लढाईची वर्षं होती ती. काचांना काळा कागद. बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जायचे ते भोंग्यावर, परत कधी येतील याचा नेम नाही.
फॅक्टरीच्या वसाहतीत नियम निघाला. क्वार्टरमध्ये बाहेरचं कोणी राहत असेल तर ऑफिसात कळवा, नाहीतर क्वार्टर जाईल.

"भाची म्हणून लिहून द्या ना," आई म्हणाली.
"आणि भाची आहे तर शाळेत काहून नाही, असं विचारलं तर? काय सांगू?"
आईने पोळी उलटली. बाबांनी नाव कळवलं नाही.

पुढे एक दिवस देवीची लस टोचणारे आले. एकेक क्वार्टर घेत होते. सोबत सिक्युरिटीचा माणूस, हातात वसाहतीची लिस्ट.

आईने खिडकीतून पाहिलं.
"विमल, कोळशाच्या खोलीत जाय. खोकू नको."

विमल गेली. आईने बाहेरून कडी लावली.

"बच्चे कितने हैं, बहनजी?"
"तीन, भैया."

लिस्टवर तीनच होते. आम्ही दंड पुढे केले. धाकटा रडला.
टोचणारा म्हातारा होता. सामान आवरताना म्हणाला, "कोई छूटा तो नहीं? मेहमान हो, नौकर हो, हमको नाम से मतलब नहीं. हमको बाँह से मतलब है."

आई म्हणाली, "कोई नहीं."
मग त्याने मला विचारलं. मोठ्यांवर विश्वास नसावा त्याचा.
"बोलो गुड़िया. और कोई है घर में?"

मी सात वर्षांची होते. मला सगळं कळत होतं.
"नहीं," मी म्हणाले.
"अच्छा, चलो," म्हणत तो पायऱ्या उतरला.

शेजारच्या क्वार्टरमध्ये गावाकडून आलेले दोन पुतणे होते. तेही लिस्टवर नव्हते. त्यांना टोचून घेतलं. सिक्युरिटीवाल्याने नावं लिहून घेतली आणि पुढे गेला. कोणाचं क्वार्टर गेलं नाही.

महिन्याभरात विमलला देवी आल्या.

घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात. म्हणजे शेजारीपाजारी समजतात आणि आत येत नाहीत.
आमच्या दाराला डहाळा लागला नाही. कोणाला आल्या, असं कोणी विचारलं असतं. आईने लिंबाचा पाला पदराखाली झाकून आणला आणि कोळशाच्या खोलीत तिच्या अंगाखाली पसरला.

फॅक्टरीच्या दवाखान्याच्या कार्डावर आमची पाच नावं. तिला तिथे नेलं नाही. दुसरीकडेही नाही.
मला आणि भावांना काही झालं नाही. होणार नव्हतंच.

आई तिच्याजवळ बसायची, ओल्या फडक्याने तोंड पुसायची, हेही खरं आहे. कडी तिनेच लावली होती, हेही.

विमल वाचली. चेहरा गेला, डाव्या डोळ्यात फूल पडलं.
बरी झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिने भांडी घासली. कोणी अडवलं नाही.

सोळाव्या वर्षी सिहोऱ्याच्या एका विधुराशी तिचं लग्न लावून दिलं. "अशा पोरीचंही केलं हो यांनी," असं तेव्हा लोक म्हणाले. ग्रुपवर तेच चालू आहे.

गेल्या हिवाळ्यात मी सिहोऱ्याला गेले. ती अंगणात मटार सोलत होती. मी पन्नास वर्षं जे बोलले नव्हते ते बोलले.
"त्या दिवशी टोचणाऱ्याने मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

"ऐकलं ना मी. दाराला कान लावूनच तर उभी होती."

"मग हाक का नाही मारलीस?"

तिने हातातली शेंग पूर्ण सोलली.
"वाटलं, दिसली तर परत गाडीत बसवून देतील. तिकडे कोण होतं माझं?"

थोड्या वेळाने मी विचारलं, राग आहे का.

"तू माफी मागाले आली का?" ती म्हणाली. "मावशी गेली, काका गेले. लपवणाऱ्यांतली एकटी तूच उरली. आता तुले माफ करून मी काय करू, सांग बरं."

सून चहा घेऊन आली. विमलने तिला माझी ओळख करून दिली. "ज्यांच्या घरी मी कामाला होती, त्यांची मुलगी."

ग्रुपवरच्यांनी हे वाचावं आणि 'पोटच्या पोरीसारखं' हे शब्द काढून टाकावेत.

विमल, भावपूर्ण म्हणायचा हक्क मला नाही. नुसती श्रद्धांजली.