कलीपाची मुकी गाडी

उमसुन अपाच्या काळ्या-बांड्या गाईनं सकाळी सकाळी शेजारच्या गाईच्या पाठीवर उडी मारली, आणि घटकाभरात कलीपाचा फोन वाजला. अपा म्हणजे आई; थोरल्या बाईला तसंच म्हणायचं.

"आली गं माजावर," म्हातारी पलीकडून म्हणाली. "तिसरी खेप हाय ही. आता गाभ न धरता फिरली तर माझा ल्योक मेदेर ऐकायचा न्हाय. वांझ गाय कशाला पोसायची म्हंतोय. सरळ कसायाच्या हातात दावं देनार."

"येते अपा. दिवस मावळायच्या आत पोचते."

"मागच्या बारीलाबी पोचतेच म्हनली हुतीस," म्हातारी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची. त्याच्या आधी भरवली तरी वाया आणि उशिरा भरवली तरी वाया. हे कलीपाला बापानं शिकवलं होतं. बाप कोलखोजचा, म्हणजे सरकारी सामायिक शेतीचा, जनावरांचा डॉक्टर होता. कोलखोज मोडलं, बाप गेला, आणि मागं राहिला तो बर्फाहून गार, पातळ केलेल्या वायूचा डबा. त्यात बैलाच्या बीजाच्या कांड्या बुडवून ठेवायच्या आणि ज्याची गाय माजावर येईल त्याच्या दारात जायचं. बावीस वर्षं कलीपा हेच करत होती.

आणि तिला अजून एक गोष्ट ठाऊक होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. उमसुन अपाची गाय वांझ नव्हती. मागं दोन्ही वेळा कलीपाच उशिरा पोचली होती. हात घातला तेव्हाच तिला कळलं होतं, माज निवलाय. तरी तिनं कांडी सोडली, हातमोजा काढला, चहा प्याली आणि घरी आली.

उशीर झाला तो गाडीपायी.

कलीपा सत्तेचाळीस वर्षांची. हाडापेरानं दणकट, आवाज गड्यासारखा. नवरा कामाला म्हणून रशियात गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. खोऱ्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. तिला म्हणत 'बुका', म्हणजे वळू. "बुका आली रं, गाई सांभाळा!" असं म्हणून माणसं हसायची. तिच्यासमोर हसायची, आणि तीही हसायची. त्या धंद्यात रागावून भागत नाही. घोड्यावर जाड लोकरी नमद्याची पिशवी, पिशवीत डबा, पायात रबरी बूट. अशी बावीस वर्षं ती त्या रस्त्यानं गेली आणि कुणी मान वर करून बघितलं नाही.

मागल्या पानगळीला तिनं दोन घोड्या विकल्या आणि राजधानीतून, बिश्केकहून, विजेवरची मोटारसायकल आणली. पेट्रोल परवडत नव्हतं, हे एक. गाडीवर लवकर पोचू, हे दुसरं.

पहिलं खरं ठरलं. दुसऱ्याची वाट लागली.

गाडी मुकी. येते ते कळत नाही, जाते तेही कळत नाही. माणसं दचकून वळायची, बघायची आणि मग हात आडवा करायची. नवीन वस्तू पहिल्यांदा नजरेला पडली की बघणाऱ्यानं काहीतरी हातावर ठेवायचं, ही तिकडची रीत. सून असो, तान्हं पोर असो, नाहीतर गाडी असो. त्याला म्हणतात कोरुमदुक. कुणी खिशातलं कुरुत द्यायचं, ते सुकवलेलं खारट दही. कुणी गोळी-चॉकलेट, कुणी रुमाल. आणि एकदा दिलं, की मग गाडीला हात लावायचा, बसून बघायचं, चार प्रश्न विचारायचे त्याला हक्क आला. तुम्ही ते घेतलं नाही, तर त्यानं मनापासून दिलेला आशीर्वाद तोंडावर फेकल्यासारखं झालं.

प्रश्न तरी काय, ठरलेले चार. कितीला घेतली? किती चालते? पाऊस आला तर शॉक लागतो का? आणि आवाज कुठं गेला? कलीपा गाडी थांबवतानाच चारही उत्तरं एका दमात देऊन टाकायची. तरी माणसं पुन्हा पहिल्यापासून विचारायची. उत्तर हवं असतं कुणाला?

आणि खरं सांगायचं तर कलीपाला ते आवडायचं. बावीस वर्षं जिच्याकडं कुणी बघितलं नाही तिच्याभोवती आठ-आठ माणसं गोळा होत. बुका म्हणणारे 'कलीपा एजे' म्हणायला लागले. एजे म्हणजे ताई. ती आरशात बघून डोक्याचा रुमाल नीट करायला लागली. कधी कधी कुणी हात केला नाही तरी तिचा वेग आपोआप कमी व्हायचा.

त्या दिवशी मात्र तिनं मनाशी घट्ट ठरवलं होतं. दुपारी दोनला निघायचं, चौतीस किलोमीटर, साडेतीनला दारात. मग वेळेची वाट बघत बसायचं. पण आधी पोचायचं.

पुलावर मेंढरं आडवी आली. वरच्या कुरणाला निघालेला सहाशेचा कळप. मेंढरांना कुठं हॉर्न कळतो? मेंढपाळानं घोडा बाजूला घेतला.

"एजे, ही तीच का गं? पेट्रोल न पिणारी?"

"तीच. दोन घोड्यांना घेतली. सत्तर किलोमीटर. शॉक लागत न्हाय. आवाज नसतोच. सोड आता."

"आगं थांब की! मेंढरं सरेपातुर तुला तरी कुटं जायाचंय?" त्यानं कुरुताचे तीन गोळे तिच्या मुठीत कोंबले आणि फोन काढला. "हुबी ऱ्हा अशी. फोटू काढतो. बायकोला दावतो."

ती उभी राहिली. पाय मात्र राहिना. टाच जमिनीवर टकटक वाजत होती.

पेट्रोलपंपावरचा माणूस तिला लांबनंच बघून रस्त्यात येऊन उभा राहिला. तो रोजच यायचा. त्याचा एकच विनोद होता आणि तो तो रोज करायचा. "टाकी फुल करू का, एजे?" आज ती हसली नाही, तेव्हा त्याला वाईट वाटलं, आणि त्याची समजूत काढण्यात अजून पाच मिनिटं गेली. घड्याळात चार वाजून गेले होते. गाय तिकडं खुंट्याभोवती फिरत असेल, हंबरत असेल. मागून चिकट सोट काचेसारखा लोंबत असेल. आणि सूर्य काही कुणाला फोटो काढू देत थांबत नव्हता.

मग खोऱ्याच्या तोंडाशी, कुरणात, दहाबारा घोडेस्वार दिसले. शर्यतीच्या तयारीची घोडी फिरवून माणसं दम खात बसली होती. आणि बरोबर रस्त्याच्या मध्ये बोरुबाय अक्सकाल उभा. अक्सकाल म्हणजे गावातला पांढऱ्या दाढीचा जाणता. सत्तरी गाठली तरी माणूस खोगिरावर असा बसायचा की जणू तिथंच उगवलाय. खोऱ्यात त्याच्याइतकं घोडं कुणाला कळत नव्हतं.

"दोन गाभण घोड्या इकून हे घेतलंस म्हनं तू," तो म्हणाला. "घोडी शिंगरू देती, दूध देती. हे काय देतंय? शेनसुद्दा देत न्हाय."

माणसं हसली.

"खातबी न्हाय, अक्सकाल," कलीपा म्हणाली.

"जे खात न्हाय त्याच्यावर माझा भरवसा न्हाय." त्यानं गाडीभोवती फेरी मारली. घोड्याचे दात बघावेत तसा वाकून दिवा बघितला. मग मनगटातला चाबूक काढला आणि हँडलला अडकवला. "हे माझं कोरुमदुक."

हसणं बंद झालं. तो चाबूक चाळीस वर्षं त्याच्या हातात होता. चामडं झिजून काळं झालं होतं, मूठ हाडासारखी गुळगुळीत झाली होती. अख्ख्या खोऱ्यात कुणाला असं कोरुमदुक मिळालं नव्हतं.

तेव्हा कलीपानं एक शब्द बोलायला हवा होता. गाय माजावर हाय, एवढंच. तिथला एकेक माणूस जनावरातला. सगळ्यांनी वाट मोकळी करून दिली असती, वर घाई कर म्हणून ओरडले असते. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण दहाबारा जण तिच्याकडं बघत होते, आणि बोरुबाय स्वतः बघत होता. तिनं तो गिळला.

"बसा, अक्सकाल," ती म्हणाली आणि खाली उतरली.

घाईत तिनं किल्ली फिरवलीच नाही. गाडी चालू होती. पण मुकी. कुणाला काय कळणार!

म्हातारा डावीकडनं चढला, घोड्यावर चढतात तसा. मांड घट्ट केली, टाच मारली, दोन्ही मुठी धरल्या आणि चुकून उजवी जराशी वळवली. गाडी सरकली. बोरुबायनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. जनावर पुढं निघालं, लगाम मागं ओढला.

मूठ मागं वळली. गाडी उधळली.

"तर्रर्र! तर्रर्र!" म्हातारा घोडं थांबवावं तसा ओरडला आणि अजून जोरात ओढायला लागला. तो जेवढं ओढील तेवढी गाडी पळायची. पांढरी टोपी उडाली. दाढी दोन्ही खांद्यांवर गेली. दहाबारा घोडेस्वार आरडाओरडा करत मागं निघाले. त्यांना वाटलं, हे जनावर कोंडीत पकडता येईल. एकानं तर दोरीचा फासही काढला.

कलीपा बूट सांभाळत पळत होती. "मूठ सोडा! अक्सकाल, मूठ सोडा!"

"सोडली तर पडंन की गं!"

शेवटी पाटाच्या बांधावर गाडी आदळली. म्हातारा मऊ चिखलात पडला. गाडी एका कुशीवर पडली आणि मागं बांधलेल्या डब्यातून भप्पकन पांढरा धूर निघाला.

"पेटली! पेटली!" माणसं घोडी वळवून लांब पळाली.

कलीपा एकटीच धुराकडं धावली. डबा सरळ केला. आत डोकावली. तळाला बोटभर द्रव उरला होता, कांड्या अजून त्यात होत्या. पण डब्याच्या पोटावर बाहेरनं पांढरं दव धरायला लागलं होतं. डबा फुटला होता. तासाभरात आतलं सगळं उडून जाणार, आणि त्या कांड्यांत पाणी राहणार.

मग तो शब्द आला. आता आला.

"गाय माजावर हाय," ती म्हणाली. "उमसुन अपाची. तिसरी खेप."

बोरुबाय चिखलातनं उठत होता. कोपर सोललं होतं, मिशीत शेवाळ अडकलं होतं. तो जागच्या जागी थिजला.

"मग आदी का न्हाय बोललीस, बये?" तो असा ओरडला की घोडी बिचकली. "माज काय तुझ्यामाझ्यासाटी थांबतोय व्हय? आनि मी हितं बसलोय गाडी-गाडी खेळत!" त्यानं स्वतःचा तांबडा घोडा ओढून आणला आणि लगाम तिच्या हातात दिला. "कड्याकडंनं जा. सडकंनं नको. जा!"

डबा पोटाशी धरून कलीपा घोड्यावर बसली. हाताला चटका बसत होता, इतका डबा गार. दव वाढत होतं. वाटेत तीन वस्त्या लागल्या. एक बाई दूध काढत होती, तिनं डोळे उचलले नाहीत. दोन म्हातारे ओट्यावर बसले होते. एकजण नुसता म्हणाला, "बुका चालली." बस्स. कुणी हात केला नाही. घोड्यावरच्या बाईकडं काय बघायचं?

अपाच्या दारात इतक्या लवकर ती गाडीवर कधीच पोचली नव्हती.

उमसुन अपा दारात कोमट पाण्याची वाटी घेऊन उभी होती. मेदेरनं गाय धरली. डब्यातनं धुराची एकच बारीक वळवळ निघत होती. कलीपानं कांडी काढली, पाण्यात धरली, चाळीसपर्यंत मोजलं, नळीत भरली. हात आत घातला. गरम होतं. ताजं होतं. वेळेत होतं.

पण कांडी जिवंत होती का मेलेली, ते हाताला कळत नाही. ते गायच सांगणार, एकविसाव्या दिवशी. गाभ धरला नसेल तर त्या दिवशी ती पुन्हा माजावर येणार.

त्या एकवीस दिवसांत कलीपाचं बूड जमिनीला टेकलं नाही. दुसरा डबा मागून आणला, गाडीचं हँडल हातोड्यानं ठोकून घेतलं, तरी गाडी डावीकडं ओढायचीच. बोरुबायचा चाबूक परत करायला ती दोनदा गेली, दोन्ही वेळा त्यानं हाकलून लावलं. "दिलेलं परत घ्यायला मी काय तुझा नवरा हाय?" म्हणाला.

एकविसाव्या दिवशी ती गेली. गाय खुंट्याला होती. शेजारच्या गाईकडं ढुंकून बघत नव्हती. शांत रवंथ करत होती. कलीपा अर्धा दिवस तिच्याकडं बघत बसली. मग चहा घेताना म्हणाली,

"अपा, मागच्या दोन बारीला गाईची चूक नव्हती. मीच उशिरा आले. माज निवला हुता, तरी सांगितलं न्हाय."

म्हातारीनं पाव मोडला, लोणी लावलं, तिच्यापुढं सरकवला.

"ठावं हाय."

"कसं?"

"पुलावरनं फोन आला, कलीपा हितं गाडी दावतीया. पंपावरनं आला, आता हितं दावतीया. तुझं एकेक ठेसन कळत हुतं मला. चहा तीन-तीनदा गरम केला मी त्या दोनी दिशी."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून गाय गाभन ऱ्हाती व्हय?" म्हातारीनं गाडीकडं पाठ करून बसायची जागा मुद्दाम निवडली होती, हे कलीपाला आत्ता दिसलं. "तुझी ती गाडी मी बघितलेली न्हाय. बघनारबी न्हाय. वासरू होऊ दे. ते बघायला तूच ये, आनि कोरुमदुक घेऊन ये. लहानसहान नको."

परतताना पुलावर एक अनोळखी माणूस उभा होता. गाडी बघून त्याचा चेहरा उजळला आणि हात वर गेला. मागच्या डब्यात दोन कांड्या होत्या, आणि पुढच्या गावात एक लाल कालवड सकाळपासून हंबरत होती.

"माजावर हाय!" कलीपा ओरडली आणि मूठ पिळली.

"कोन?" मागनं हाक आली.

तिनं थांबून सांगितलं नाही. पण वळण येईपर्यंत दोनदा आरशात बघितलं, तो अजून बघतोय का.