मागून म्हणणारी

मुकुंदवाडीतल्या केसरबाईला रोज संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन यायचा, आणि त्या फोनवर ती रोज एकच खोटं बोलायची. एरवी बाई मोठी खरी. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली आणि कशी झाली म्हणून विचारलं, तर 'तिखट लई झालं' असं तोंडावर सांगणारी. पण हा फोन वाजला, की तिची जीभ वाकडी व्हायची.

फोनवरचं बोलणं ठरलेलं असायचं. जेवण, गोळ्या, नळाला पाणी कधी आलं, आणि सगळ्यात शेवटी सम्यक विचारायचा, "आई, वंदना झाली का?"

"झाली."

झालेली नसायची. तिचा नवरा सखाराम मागच्या थंडीत गेला, तेव्हापासून त्या घरात बुद्धवंदना झालीच नव्हती. आता यातली गोम अशी, की वंदनेत पंचशील आलं, आणि पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. म्हणजे पंचशील म्हटलं हे सांगण्यासाठी केसरबाई त्यातलंच एक रोज मोडत होती. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. तिला रेटताही यायचं नाही. 'झाली' म्हणायची आणि लगबगीनं विशाखाची, म्हणजे सुनेची, चौकशी सुरू करायची.

तिला वंदना येत नव्हती असं नाही. लग्न होऊन पाचोडहून सासरी आली तेव्हापासून रोज म्हटलेली. फक्त ती म्हणायची मागून. घराची रीतच तशी होती. देवगाव रंगारीला सखारामचे वडील पुढं म्हणायचे आणि सगळं घर त्यांच्यामागून म्हणायचं. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीही कुणाच्या तरी मागून म्हणत म्हणतच सगळं तोंडपाठ केलेलं. मग सखारामचं बिऱ्हाड शहरात आलं, तो गुलमंडीतल्या एका दुकानात गिऱ्हाइकांना कापडाची थानं उलगडून दाखवायच्या कामाला लागला, आणि पुढं म्हणायचं काम त्याच्याकडं आलं. तो एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. केसरबाई आणि सम्यक ती ओळ मागून म्हणायचे. मग पुढची.

दुकान बंद करून घरी यायला त्याला उशीर व्हायचा. आल्यावर हातपाय धुवायचे, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायची, मग वंदना आणि मगच ताटं. लहानगा सम्यक भुकेनं कासावीस. आतून वांग्याच्या भाजीचा वास यायचा आणि तो एक ओळ संपायच्या आत दुसरी पकडायला बघायचा. सखाराम रागवायचा नाही. तीच ओळ पुन्हा म्हणायचा, आणखी सावकाश. दिवसभर थानं उलगडणारा आणि पुन्हा घडी घालणारा माणूस, घाई त्याच्या रक्तातच नव्हती. पोराला लवकरच कळून चुकलं, की आपण पळालो तर वांगं आणखी लांब जातं.

पाण्याचा तो एक दिवस तर केसरबाई कधीच विसरली नाही. बऱ्याच दिवसांनी नळ आला, तोही ऐन वंदनेच्या वेळेला. गल्लीत बादल्या आणि ड्रमांचा एकच गोंधळ. केसरबाईनं आपल्या ओळी पळवायला सुरुवात केली. सखाराम मात्र प्रत्येक ओळीनंतर थांबायचा तेवढाच थांबला. वंदना संपली तोवर नळाची धार करंगळीएवढी झाली होती, आणि शेजारच्या पुतळाबाईकडून पाण्याच्या घागरी मागून आणाव्या लागल्या.

"एवढं काय थांबायचं असतंय वो मधी मधी?" ती कडाडली. "दम लागतो का तुमाला?"

सखाराम नुसता हसला. कुणी भांडायला उभं राहिलं, की त्याला हसू यायचं, आणि त्या हसण्यानं केसरबाईचा पारा आणखी चढायचा.

तो गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. बौद्धाचार्यांनी गाथा म्हटल्या, तिनं सगळ्यांबरोबर मागून म्हटल्या. मग माणसं पांगली. सम्यकही रजा संपली म्हणून पुण्याला गेला. त्या संध्याकाळी केसरबाईनं मेणबत्ती लावली, सवयीनं बसायला दोन बस्करं टाकली, उजवीकडं त्याचं, डावीकडं आपलं. बसली, हात जोडले, आणि बसूनच राहिली. मेणबत्ती बोटभर उतरल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण कुणीतरी सुरू करायची वाट बघतोय.

मग तिनं स्वतः सुरू केलं. पहिली ओळ आली. ती म्हणून झाल्यावर तोंडातून पुन्हा तीच ओळ आली, मागून म्हणायची म्हणून. आणि गाडी तिथंच अडली. पुढची काही केल्या येईना. विहारात पौर्णिमेला गेली की सगळं सुरळीत यायचं, कुठं अडखळणं नाही. घरी एकटी बसली की काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या रात्री ती न जेवताच पडली. तिला फार एकटं वाटलं. नवरा गेल्याचं दुःख चार बायकांत बसून रडता येतं. पण जाताना तो माझं तोंडही बरोबर घेऊन गेला, हे कुणाला कसं सांगायचं?

बाकी तिनं काहीच सोडलं नव्हतं. सकाळी तसबिरी पुसायची. दारातल्या कुंडीतली सदाफुलीची फुलं ठेवायची. तसबिरींखाली सखारामनं दुकानातून आणलेल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा अंथरलेला होता. तो धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा अंथरायचा. त्याच्यासारखी कड दुमडायला काही तिला जमायची नाही. तो अंगठ्यानं दाबत जायचा आणि कड कशी इस्त्री केल्यासारखी बसायची. तिची कड सकाळी दुमडली की दुपारी उलगडायची. घरात दुसरं कुणी असतं तर 'बघा, जमलं का' म्हणून विचारता आलं असतं. ती तसबिरीतल्या बाबासाहेबांना विचारायची, आणि ते आपले गंभीरच.

एकदा पुतळाबाई निवडायला मेथी घेऊन आली. धनगराची बाई, गळ्यात भंडाऱ्याची पुडी, आणि तोंडाला कुलूप कधी नाही. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "केसरबाई, तुमचं ते म्हननं आयकू येत न्हाई आताशा. पैलं त्ये सुरू झालं की मी चुलीवर तवा टाकायची."

"मनातल्या मनात म्हनते मी," केसरबाई म्हणाली.

"असं व्हय." पुतळाबाईनं मेथीची काडी मोडली. "आमच्या खंडोबाला बाई मोठ्यानं हाक मारावी लागती. मनातलं त्याला आयकू येत न्हाई."

केसरबाई खाली मान घालून निवडत राहिली. मुलाला सांगायचं एक खोटं होतं, आता शेजारणीला सांगायचं दुसरं झालं.

सम्यकला कुठं काही कळलं नव्हतं, पण आई एकटी आहे म्हणून त्यानं एका भेटीत तिच्या फोनवर वंदनेचं रेकॉर्डिंग टाकून दिलं. केसरबाईला वाटलं, आता सुटले. सगळा जामानिमा करून तिनं ते लावलं. गोड आवाज होता, पाठीमागं पेटी होती. एक बाई ओळ म्हणायची, आणि केसरबाई तोंड उघडायच्या आत शंभर माणसं एकदम मागून म्हणायची. त्यांच्या गर्दीत हिला शिरायला फटच मिळेना. दोनचार ओळी धावपळ केली आणि तिनं फोन बंद केला. तिथं हिची कुणाला गरज नव्हती.

असं करता करता वर्ष होत आलं. सखारामच्या पहिल्या स्मृतिदिनाला सम्यक आणि विशाखा येणार होते. केसरबाईनं आठवडाभर आधीच डबे घासून ठेवले. खरं तर ती त्या दिवसाच्या भरवशावर होती. पोरगा येईल, त्याच्या अण्णांच्या, म्हणजे सखारामच्या, बस्करावर बसेल, पुढं म्हणेल, आपण मागून म्हणू, आणि इतक्या दिवसांचं खोटं कुणाला न कळता मिटून जाईल. पण आदल्या दिवशी विशाखाला ताप भरला आणि दोघांचं येणं रद्द झालं.

सकाळी विहारात जाऊन केसरबाईनं खीरदान केलं. संध्याकाळी सम्यकचा फोन आला तेव्हा त्यानं जेवणखाण काहीच विचारलं नाही.

"आई, फोन स्पीकरवर टाक आणि तसबिरीपुढं ठेव. आज अण्णांचा दिवस आहे. तू म्हण, मला ऐकायचंय."

केसरबाईनं फोन तसबिरीपुढं ठेवला. "तूच म्हन की. घरातला कर्ता तू. मी म्हनते तुझ्यामागून."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, मला मागूनच येतं गं," सम्यक म्हणाला. "पुढं कधी म्हटलंच नाही मी. अण्णा होते ना."

एवढा शिकलेला पोरगा, ऑफिसात माणसं हाताखाली, आणि आवाज वांग्याच्या वासानं कासावीस झालेल्या त्या लहानग्यासारखा. केसरबाईला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. घरात दोन माणसं उरली होती, आणि दोघंही मागचीच.

ती उठली. सखारामच्या बस्करापाशी गेली. आजवर तिनं ते रोज टाकलं होतं, रोज उचललं होतं, त्यावर कधी टेकली नव्हती. पदर सावरून ती त्यावर बसली. इथून तसबिरी जरा वेगळ्या दिसत होत्या. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. म्हटली आणि थांबली.

फोनमधून सम्यकचा आवाज आला, जरा उशिरानंच. ती ओळ त्याच्या तोंडून पुरी होईस्तोवर तिला गप्प राहावं लागलं. तो कुठं श्वास घेतो, कुठं अडखळतो, सगळं तिला ऐकू येत होतं. तो थांबला आणि दुसरी ओळ तिच्या तोंडात आपसूक आली. तिसरी आली. मागून म्हणणारं कुणीतरी असलं, की पुढची ओळ येते, एवढंच ते होतं.

आणि मग एका ओळीनंतर, सम्यकचं ऐकत बसलेली असताना, तिला कळलं. दम लागत नव्हता त्या माणसाला. तो ऐकत होता. इतकी वर्षं रोज कुणीतरी या बस्करावर थांबून आपला आवाज शेवटपर्यंत ऐकून घेत होतं, आणि आपण नळाकडं कान लावून बसलो होतो. ही गोष्ट आता त्याला सांगायची सोय नव्हती. डावीकडचं तिचं बस्कर रिकामं होतं.

पहिलं शील झालं. दुसरं, तिसरं झालं. चौथ्यापाशी येऊन केसरबाई गप्प झाली.

"आई? काय झालं?"

"थांब रे जरा. हे मला असं म्हनता यायचं न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी रोज तुला झाली म्हनायची ना, ती झालेली नसायची. अण्णा गेल्यापासून एकदाबी न्हाई. येतच नव्हती मला एकटीला. खोटं बोलत व्हते मी."

आता पोरगा काय म्हणतो म्हणून ती फोनकडं बघत राहिली.

"आई," सम्यक हळूच म्हणाला, "इकडंही काही होत नव्हतं. अण्णा गेल्यावर मी मेणबत्तीसुद्धा लावलेली नाही. तू झाली म्हणालीस, की मला वाटायचं, चला, घरी झाली, म्हणजे आपलीही झाली. म्हणून रोज विचारायचो."

घरादाराची वंदना वर्षभर तिच्या एका खोट्यावर चालली होती म्हणायची. तिला लाज वाटली, आणि पोरगाही तिकडं आपल्यासारखाच एकटा बसलेला असतो, हे कळून जीव तुटला.

"बरं," शेवटी ती म्हणाली. "आता म्हन माझ्यामागून." आणि तिनं चौथं शील म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सम्यकचा फोन वेळेवर आला नाही. ऑफिसात काही काम निघालं असेल. केसरबाईनं थोडी वाट बघितली, मग मेणबत्ती लावली, दोन्ही बस्करं टाकली आणि उजवीकडच्यावर बसली. तिनं ओळ म्हटली आणि थांबली. डावीकडून कुणी काही म्हटलं नाही. एक ओळ म्हणून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती गप्प राहिली, मग पुढची म्हटली. अशी सगळी वंदना. भिंतीपलीकडं पुतळाबाईनं चुलीवर तवा टाकल्याचा आवाज आला.

जेवण उरकून ती भांडी घासत होती तेव्हा फोन वाजला.

"आई, उशीर झाला गं. वंदना झाली का?"

"झाली," केसरबाई म्हणाली. "तुझी जागा सोडत सोडत म्हनली. आता तू मेनबत्ती लाव आन् तिकडं मागून म्हन."