गुरुवारचा डबा आणि जज स्ट्राउड

जज डेल्बर्ट स्ट्राउड म्हणजे देवमाणूस, हे ऐकून ऐकून आमच्या काउंटीचे कान किटले होते. धान्याच्या कोठारावर राबणाऱ्याचा मुलगा, लिंकन शहरात जाऊन वकिली शिकला आणि तिथला पैसा सोडून आमच्या वेल्डन गावी परत आला. सव्वीस वर्षं न्यायाच्या खुर्चीवर. दर सहा वर्षांनी मतपत्रिकेवर प्रश्न यायचा, ‘या जजना ठेवायचं का?’, आणि लोक डोळे मिटून ‘हो’वर खूण करायचे. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत, उघड्या गाडीत हाच, चर्चच्या पॅनकेक न्याहारीला तव्यापाशी हाच. आणि दर गुरुवारी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या दारी गरम जेवण पोचवणाराही हाच. साप्ताहिकात फोटो ठरलेला: हातात डबा, तोंडावर साखर.

जेवण चांगलं असायचं, खोटं कशाला बोला! खिमा-राजम्याची वाफाळती चिली आणि सोबत दालचिनीचा गोड रोल. आर्डिस कोल्टरमन, ऐंशीला टेकलेली विधवा, चार वर्षं तो डबा घेत होती. जज डबा देऊन निघून जाणाऱ्यातला नव्हता. “बसतो गं दोन मिनिटं,” म्हणत सरळ स्वयंपाकघरात शिरायचा. तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पण अगं-तुगं करायचा. फ्रीज उघडून दूध आत ठेवायचा, “गोळ्या घेतेस ना वेळेवर?” करत फडताळात डोकवायचा. आर्डिसला भरून यायचं. सख्खा पुतण्या वर्षातून एकदा, तोही नाताळाला उगवतो, आणि एवढा मोठा माणूस दर आठवड्याला विचारपूस करतो! भोळी बिचारी.

त्या पुतण्याने, रॉयसने, मार्च महिन्यात कोर्टात अर्ज ठोकला. काकूचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्यावर पालक नेमा. पालक अर्थात तो स्वतःच. एकदा पालक नेमला की म्हातारं माणूस वृद्धाश्रमात आणि घर विक्रीला, हे वेल्डनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आर्डिस त्या घरात पंचावन्न वर्षं राहिली होती. नवरा त्याच घरात गेला, आणि तिलाही तिथूनच जायचं होतं.

अर्ज स्ट्राउडपुढे लागला तेव्हा तिला उलट हायसं वाटलं.

“जजसाहेबांनी माझं घर आतून पाहिलंय,” ती फोनवर ओपलला, आपल्या मैत्रिणीला, म्हणाली.

“म्हणून तर काळजी वाटते,” ओपल म्हणाली. “त्याच्या गुरुवारच्या यादीतली किती माणसं आश्रमात गेली, मोजलीस का कधी?”

“काहीतरीच तुझं!” म्हणून आर्डिसने फोन ठेवला.

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. रॉयस साक्षीदाराच्या खुर्चीत बसला, पण सांगायला त्याच्याकडे होतं काय? “काकू एकच गोष्ट दोनदोनदा सांगते,” तो म्हणाला.

“एकदा सांगून तू कधी ऐकलंयस का, मेल्या?” आर्डिस जागेवरून म्हणाली. लोक खो खो हसले. अर्ज तिथेच लंगडा पडला होता.

तेव्हा स्ट्राउड पुढे वाकला. आवाज मधाळ. “आर्डिस, राग मानू नकोस. पण फेब्रुवारीत तुझं पातेलं शेगडीवर करपत होतं आणि तू पुढच्या खोलीत झोपली होतीस. रक्तदाबाच्या गोळ्या साखरेच्या डब्यात. दूध नासलेलं, एकदा नाही, तीनदा. तुझ्याच भल्यासाठी बोलतोय.”

आर्डिसला आधी लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, सगळ्या गावापुढे! मग तिला आठवलं, पातेलं करपलं त्या दिवशी यानेच शेगडी बंद केली होती आणि हसून म्हणाला होता, “चालायचंच, घरोघरी होतं.” हसत होता आणि मनात टिपून ठेवत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“हे कागदांत कुठे आहे?” तिने विचारलं. तिच्या वकिलाने, तोही जजनेच नेमलेला, तिची बाही ओढली. तिने त्याचा हात झटकला.

“कागदांत कशाला हवं? मी डोळ्यांनी पाहिलंय.”

तरुणपणी आर्डिस एकदा ज्युरीवर बसली होती. खटला अपघाताचा होता, आणि ज्युरीतला एक शेतकरी रविवारी आपणहून अपघात झालेला चौक बघून आला. तेव्हाच्या जजने त्याला घरी पाठवलं. म्हणाला, साक्ष द्यायचीय की न्याय करायचाय, एक काय ते ठरव.

“मग खाली या,” आर्डिस म्हणाली.

“काय?”

“खाली या म्हटलं. रॉयस बसला होता त्या खुर्चीत बसा, हात वर करून शपथ घ्या. मग मी विचारते, माझ्या स्वयंपाकघरात तुम्हाला डबा घेऊन पाठवलं होतं की झडती घ्यायला? साक्षीदार व्हा नाहीतर जज राहा. दोन्हीकडून जेवता येत नाही.”

स्ट्राउडचं तोंड बीटासारखं लाल झालं. “हे सगळं नोंदीतून काढून टाक,” तो टंकलेखिकेवर, ट्वायलावर, खेकसला.

ट्वायलाने एकोणीस वर्षांत त्याच्यापुढे मान वर केली नव्हती. “तुम्ही बोललात, मी लिहिलं, साहेब,” ती म्हणाली. “आता ते तसंच राहणार.”

जजच साक्षीदार झाल्याची नोंद राहिली, तेव्हा झक मारत त्याला खटला सोडावा लागला. तीन आठवड्यांनी शेजारच्या काउंटीतून एक खमक्या जजबाई आल्या. त्यांनी डॉक्टरांचा अहवाल वाचला, आर्डिसला वीस मिनिटं उलटसुलट प्रश्न विचारले आणि अर्ज फेटाळला. घर वाचलं. ओपलने हाताला धरून आर्डिसला बाहेर आणलं.

बाहेर व्हरांड्यात स्ट्राउड उभा होता. फोटोवाला कोणी नव्हता, म्हणून हसूही नव्हतं.

“चार वर्षं जेवू घातलं तुला,” तो दात ओठ खात म्हणाला. “चांगले पांग फेडलेस!”

आर्डिसने ओपलचा हात सोडला.

“जेवण चांगलं होतं, डेल्बर्ट,” ती म्हणाली. “पण मी दार उघडलं ते शेजाऱ्याला. तू जज होऊन आत आलास, हे एकदा तरी सांगायचं होतंस.”