एका वेळी एकच पदार्थ

आनंदनगर एमआयडीसीत अगरबत्तीला आणि साबणाला लागणारी सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मी पॅकिंगला होते. मोठ्या कॅनमधून बाटल्या भरायच्या, झाकण घट्ट करायचं, लेबल लावायचं. मोगरा, केवडा, चंदन, आणि काही असे वास की ज्यांना नाव नव्हतं, नुसता नंबर होता. घरी आले की नवरा म्हणायचा, आज कुठल्या बागेतून आलीस? मला ते आवडायचं. मी तिथे बरीच वर्षं काम केलं आणि त्यातली बहुतेक वर्षं मला काहीही झालं नाही.

मग झालं. आधी दुपारनंतर डोकं जड व्हायला लागलं. नंतर मानेवर गांधी उठायला लागल्या, छाती भरून यायला लागली. सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. पण हळूहळू सुट्टीच्या दिवशीही बरं वाटेना. जिना पुसलेल्या फिनेलचा वास, शेजाऱ्यांनी लावलेली डासांची कॉइल, रिक्षात शेजारी बसलेल्या बाईचा परफ्युम, त्रास व्हायला काहीही पुरायचं. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. त्यांनी सांगितलं की त्रास खरा आहे, मनाचे खेळ नाहीत, पण यावर एक गोळी घेऊन मोकळं होता येत नाही. ज्याने त्रास होतो त्यापासून लांब राहायचं. म्हणजे नोकरी सोडायची. मी सोडली.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं माझं मीच वाढवलं. एकदा बाहेरची भाजी खाल्ली आणि अंगावर गांधी उठल्या, तेव्हा बाहेरचं खाणं बंद केलं. मग टोमॅटो बंद. वांगं, शेंगदाणे, दूध बंद. डाळ खाल्ली त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून डाळ बंद. मासे तर वासामुळेच नकोसे झाले होते. मोबाईलवर कोणी काही सांगितलं की आणखी एक वस्तू ताटातून उठायची. शेवटी ताटात तांदळाची पेज, उकडलेला दुधी आणि चमचाभर तूप एवढंच उरलं.

आम्ही कात्रपला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. जिना चढताना मी प्रत्येक वळणावर बसायला लागले. केस ओंजळीने यायचे. अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर असलेला माझा नवरा कमी बोलणारा माणूस. त्याने डोक्याला तेल लावणं सोडलं, कपड्यांची पावडर बदलली, मित्राच्या लग्नाला गेला तर परत आल्यावर आधी आंघोळ करून मग माझ्याजवळ यायचा. जेवणाबद्दल मात्र काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कधी कधी तोही माझ्याबरोबर पेज प्यायचा आणि मग खाली जाऊन वडापाव खाऊन यायचा. मला ते माहीत होतं आणि मला त्याचा राग नव्हता.

सासूबाई मांजर्लीला राहतात, नदीच्या बाजूला, जुन्या बैठ्या घरात. आगरी घर, म्हणजे मासळी, तांदळाच्या भाकऱ्या आणि घरच्या मसाल्याचं घर. त्या दर रविवारी डबा घेऊन यायच्या. एका रविवारी मी त्यांच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडू दिलं नाही, खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्यांनी डबा परत पिशवीत घातला.

"माजे हातचा जेवान तुला नको झाला काय गो?" त्या म्हणाल्या.

पुढचे काही रविवार त्या आल्या नाहीत.

माझं वजन पाहून ॲलर्जीच्या डॉक्टरांनीच मला उल्हासनगरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तीन नंबरच्या कॅम्पात, कापडाच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना. कोऱ्या कापडाच्या वासातून जिना चढताना मी नाकावर ओली ओढणी धरली होती. आत देवाच्या फोटोसमोर अगरबत्ती जळत होती. मी दारातच थांबले. त्या सिंधी बाई, पन्नाशीच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, अगरबत्ती विझवून बाहेर नेऊन ठेवली आणि दोन खुर्च्या मागच्या गॅलरीत मांडल्या. आम्ही तिथेच बसलो. खाली हातगाडीवाल्यांचा गोंगाट चालला होता. काय काय खातेस असं त्यांनी विचारलं, आणि माझं सांगून लगेच संपलं.

रक्ताचे रिपोर्ट त्यांनी नीट वाचले. लोह कमी, बी ट्वेल्व्ह कमी, डी कमी, प्रोटीन तर नावालाही नाही. मग त्या आपल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "देखो बेटा, वासाचा त्रास मी खाण्याने बरा करीन असं सांगणार नाही. पण आत्ता तू जिना चढू शकत नाहीस ना, ती भूक आहे. तू वासाने आजारी आहेस आणि वरून उपाशी पण आहेस."

मला रडू आलं. इतके महिने कोणी मला उपाशी म्हटलं नव्हतं. मी स्वतःला पथ्यावर आहे असं समजत होते.

त्यांची पद्धत साधी होती. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही थोडासा, आणि मग काही दिवस थांबायचं. अंगाने हो म्हटलं तर पुढचा. सगळं घरचं, ताजं, त्याच दिवशी शिजवलेलं. डाळ भिजवून, पाणी काढून टाकून. रंग घातलेलं, पाकिटातलं काही नाही. घशाला सूज आली किंवा श्वास अडकला तर थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. नाहीतर लगेच घाबरायचं नाही. बी ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांचं त्यांनी डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं.

त्याच सुमारास आमच्या इमारतीला रंग द्यायला सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी माझा दम वाढला. जायला एकच जागा होती. नवऱ्याने आईला फोन केला तेव्हा मी पलीकडे बोलणं ऐकायचा प्रयत्न करत होते. तो फक्त हं, हं करत होता. फोन ठेवून म्हणाला, "चल, ती मागची पडवी झाडतेय."

मांजर्लीच्या घरी हवा खेळती होती. सासूबाईंचा रुसवा गेला नव्हता, पण त्यांनी माझ्यासाठी वेगळी चूल मांडली. मी मुगाने सुरुवात केली. भिजवलेले मूग, हळद, मीठ, जिरं. त्या समोर पाटावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. मग नाचणीची आंबील, मग लाल माठ, मग ताक. प्रत्येक वस्तू पचली की त्या शेजारणीला सांगून यायच्या, नातवंडाने पाऊल टाकलं असावं तशा.

अंड्याला अडलं. उकडलेलं अर्धं अंडं खाल्लं आणि संध्याकाळी मानेवर, दंडावर गांधी. मी म्हटलं, झालं, अंडं बंद, आणि भीतीने दुसऱ्या दिवशी मूगही नको म्हटले. सासूबाई माझ्याबरोबर उल्हासनगरला यायला निघाल्या. गॅलरीत आता तीन खुर्च्या लागल्या. बाईंनी सगळं ऐकून अंड्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्या दिवशी घरात आणखी काय नवीन होतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, काही नाही. सासूबाई मात्र विचारात पडल्या. पुतण्याने भांडी घासायला लिंबाच्या वासाच्या साबणाची नवी बाटली आणून दिली होती. त्या दिवशी पातेलं, ताट, सगळं त्यांनी त्या साबणानेच घासलं होतं.

"मीच केला गो ह्या," त्या हळूच म्हणाल्या.

बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही आलात म्हणून तर कळलं. आठवडाभराने राखेने घासलेल्या भांड्यात पुन्हा अर्धं अंडं शिजलं. मी ते अगदी हळू खाल्लं. अंग स्वच्छ राहिलं. सगळं काही असं सुटलं नाही. शेंगदाण्याने पुन्हा पुन्हा त्रास झाला, टोमॅटोनेही. ते आजही बंद आहेत आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

मासा खाल्ला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. सासूबाईंनी ताजा मासा आणवला, अंगणात साफ केला, मसाला न घालता नुसती हळद, मीठ, कोकम लावून परतला. त्यांच्या लेखी ते जेवण नव्हतंच, आजाऱ्याचं औषध होतं. मी एक तुकडा खाल्ला आणि दुसरा मागितला. त्या पदराने चुलीच्या धगीचा घाम पुसत बसल्या. मग तव्यावर उरलेला तुकडाही माझ्या ताटात आला.

मी बरी झाले असं म्हणता येणार नाही. मॉलमध्ये जात नाही, नवे कपडे धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय घालत नाही, ओल्या रंगाच्या घरात पाय ठेवत नाही. पण केस परत आले, वजन आलं, आणि कात्रपचा जिना मी एका दमात चढते. इमारतीतल्या मुलांच्या एका क्लासचे हिशेब घरी बसून करते.

गेल्या वर्षी दिराच्या मुलीची हळद होती. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव, डीजे, धूर सोडणारं मशीन, नटूनथटून आलेली शंभर माणसं. मी जाणार नव्हते. पण दिराने ते मशीन लावू दिलं नाही, आणि मांडवाबाहेर, वारा यायचा त्या बाजूला, माझी खुर्ची ठेवली. मी तिथून नाच पाहिला. नवरी स्वतः ताट घेऊन बाहेर आली, हळदीने माखलेली, हात लांब धरून, कारण तिने अत्तर लावलं होतं. ताटात भाकरी, मूग, अंडं आणि बिनमसाल्याचा मासा. सासूबाईंनी दुपारीच वेगळं करून ठेवलेलं. माझ्या शेजारी बसलेल्या एका आत्याबाईंनी ताटात डोकावून विचारलं की हे असलं फिकं का जेवतेस, आजारी आहेस का.

"थोडी आहे," मी म्हटलं. "पण भूक लागलीय."

आणि जेवायला लागले.