जर्मन क्लबची सेवापुस्तकं, मुक्काम लालबाग

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल सगळ्यांनाच कळतो, खेळता फक्त अकरा जणांना येतं. त्या अकरांना शिकवायचं काम आमच्या तालमीने (आमच्याकडे फुटबॉलचे संघही तालमींचेच असतात) माझ्यावर सोपवलं होतं. पलीकडच्या पेठेकडून आम्ही ओळीने तीन सामने हरलो आणि अध्यक्षांना एकदम जर्मनी आठवली. टीव्हीवर तिथल्या एका क्लबचे सामने ते नेमाने बघतात. "तिकडं तीन हरलं की कोच घरला," ते म्हणाले आणि रविवारी सभा लावली. विषय एकच होता, मला घरी पाठवणे.

त्याच क्लबच्या सगळ्या प्रशिक्षकांची नोंद लालबागच्या एका निवृत्त हेडक्लार्ककडे आहे, असं तालमीतल्या एकाच्या मेव्हण्याने सांगितलं. पराभवानंतरही तिथे कोच टिकतो, असा लेखी पुरावा मला हवा होता. तो आणायला जर्मनीला जाण्याची ऐपत नव्हती, म्हणून लालबागला निघालो. भेट म्हणून घरच्या कांदा-लसूण मसाल्याचं पुडकं घेतलं.

शनिवारी सकाळी बसने दादरला उतरवलं. तिथे कटिंग (अर्धा चहा, घोटात संपतो, पण रुबाब पूर्ण कपाचा) घेतला आणि मिसळ मागवली. आलेल्या पदार्थात फरसाण होतं, पाव होता, रस्साही होता. फक्त मिसळ नव्हती. "तिखट झाली का?" असं वाढणाऱ्याने काळजीने विचारलं. मी नाही म्हणालो आणि पाणीसुद्धा न पिता उठलो.

टॅक्सीतून लालबागला उतरलो तेव्हा हवेतच मिरची होती. रस्त्याच्या कडेला ओळीने मसाल्याची दुकानं, आतून डंखांचा (मसाला कुटायच्या यंत्रांचा) धडधडाट. अशा ठिकाणी मी मसाला भेट द्यायला आलो होतो. नेमकं तिथेच पुडकं फुटलं आणि माझी पिशवी लाल झाली.

"काय ओ, आमच्या पोटावर पाय द्यायला आलात काय?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"कोल्हापूरचा आहे," मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी चिमूटभर हुंगला. "बरा आहे. लसणीने सांभाळून घेतलंय." आणि कागदाची नवी पिशवी दिली. पैसे घेतले नाहीत, त्यामुळे उलट उत्तर देण्याची सोय राहिली नाही.

ते हेडक्लार्क, श्रीधर परब, तिथल्याच एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. घराला ते खोली म्हणतात, आणि हा विनय नाही, मोजमाप आहे. मसाल्याचं पुडकं परबकाकूंनी कौतुकाने घेतलं. भिंतीवर खिळ्याला लोकरीचा मफलर टांगलेला होता. परबकाकांच्या कचेरीत यंत्र बसवायला आलेला एक जर्मन इंजिनियर जाताना आपल्या गावच्या क्लबचा हा मफलर देऊन गेला होता. मुंबईत मफलर! पण त्या दिवसापासून काका त्या क्लबचे झाले.

आणि झाले म्हणजे कसे, तर आस्थापना शाखेत नोकरांच्या नोंदी ठेवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाने व्हावं तसे. कपाटातून त्यांनी गठ्ठा काढला. प्रत्येक प्रशिक्षकाचं वेगळं सेवापुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं. रुजू, कार्यमुक्त, शेरा, सगळे रकाने जागच्या जागी. त्या जर्मनांना पत्ता नसेल, पण त्यांची नोकरी लालबागमध्ये बिनचूक नोंदली जात होती.

"ह्याचं कव्हर घालून होईपर्यंत गेला," काका एकेक दाखवत म्हणाले. "हा दोनदा गेला, तीनदा आला. आणि हा बिचारा बघा. अतिरिक्त कार्यभार होता. लागोपाठ जिंकला, पण कायम केलंच नाही मेल्यांनी. मला फार लागलं ते."

"जेवून घ्या आधी," परबकाकू आतून म्हणाल्या. "त्या जर्मनांक काय घाई नाय."

बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो. ते उत्तम होतं, आणि हे मी कोल्हापुरात नाकबूल करणार आहे.

जेवणानंतर मला हवं ते पान सापडलं. हा गृहस्थ असताना संघ खालच्या श्रेणीत घसरला होता, तरी क्लबने त्याला काढलं नाही. पुढच्याच हंगामात तो संघाला वर घेऊन आला आणि पुढे कित्येक वर्षांनी स्वतःच्या इच्छेने निवृत्त झाला. मी फोटो काढायला मोबाईल उचलला.

काकांनी पानावर तळहात ठेवला. "अर्धी नक्कल आमच्याकडे मिळत नाही. पहिल्या पानापासून घ्या."

पहिल्या पानावर शेरा होता: 'आधीच्या प्रशिक्षकास काढल्यावर हे पद देऊ केले. रुजू होण्यापूर्वी त्या प्रशिक्षकाच्या घरी जाऊन त्याला विचारून आला.'

"तुमच्या आधी कोण होतं तिकडे?" काकांनी सहज विचारलं.

"आप्पा. मला चेंडू मारायला त्यांनीच शिकवलं."

"ते का गेले?"

"वय झालं होतं."

"राजीनामा दिला?"

"नाही. आम्ही सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला."

"तुमची कितवी?"

"पहिली," मी म्हणालो. परबकाकू भांडी आवरायची थांबल्या. मला लाज वाटली. गेली दोन वर्षं मी आप्पांच्या गल्लीतून जायचं टाळत होतो, आणि रस्त्याचं काम चालू आहे असं स्वतःला सांगत होतो.

काकांनी सेवापुस्तक माझ्याकडे सरकवलं. दोन्ही पानांचे फोटो काढू दिले आणि जिन्यापर्यंत सोडायला आले.

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो आणि घरी न जाता आप्पांच्या गल्लीत शिरलो. रस्ता गुळगुळीत होता. आप्पा कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते.

"सभा कवा हाय?" त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"आज चारला."

"म्हणून आलायस व्हय?"

"हो," मी म्हणालो. "पण दोन वर्षांपूर्वीच यायला पायजे होतं. चुकलं माझं, आप्पा."

त्यांनी पेपराची घडी घातली. "किती हरलास?"

"तीन."

"मला तुम्ही दोनवरच काढला होता."

यावर माझ्या मोबाईलमध्ये कसलाही पुरावा नव्हता. एवढा प्रवास करून मी जर्मनीचा इतिहास आणला होता, आणि तालमीचा इतिहास घरापासून दोन गल्ल्यांवर बसलेला होता.

आप्पा उठले आणि आत जाऊन टोपी घालून आले. "चहा पाज. मग चारला जाऊ तालमीत. ह्या खेपेला पहिली सही मी करणार."

सही माझ्या बाजूने की माझ्याविरुद्ध, हे मी विचारलं नाही. तो अधिकार मी दोन वर्षांपूर्वीच, पहिल्या नंबरवर सही करून गमावला होता.